मोडीत निघालेली जुनी चांदी कशी ओळखावी: ठाणे-नवी मुंबईतील नवशिक्यांसाठी

ठाण्यात नौपाडा, चरई, खारकर आळी या जुन्या भागांत इमारतींचा पुनर्विकास सुरू झाला की दोन-तीन पिढ्यांचे सामान काही दिवसांत घराबाहेर पडते. माळ्यावरचे पितळी हंडे, वाकलेले डबे, दांडा तुटलेल्या पळ्या आणि काळी पडलेली पूजेची भांडी एकाच पोत्यात भरून भंगाराच्या गाडीवर जातात. त्या पोत्यात कधी कधी चांदी असते. ती काळवंडलेली असते, घरातल्या तरुण मंडळींनी ती कधी वापरलेली नसते आणि निघण्याच्या घाईत तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. पुढे ती सराफाकडे पोचली, तरी बहुतेक वेळा मोड म्हणून वितळवली जाते आणि कारागिराचे हातकाम कायमचे नाहीसे होते. अशा वस्तू वितळण्याआधी ओळखता याव्यात, त्यांचा रास्त मोबदला देता यावा आणि त्या नीट सांभाळता याव्यात, एवढ्यासाठी हे मार्गदर्शन लिहीत आहे.

कुठे पाहावे

परदेशात धर्मादाय संस्था जुन्या वस्तूंची दुकाने चालवतात, तशी पद्धत आपल्याकडे फारशी नाही. आपल्याकडे ते काम भंगारवाले, जुन्या फर्निचरचे विक्रेते, मोडीवर नवी भांडी देणारे दुकानदार आणि जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बोहारणी करतात. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारपेठेपासून सुरुवात करावी. मोडीत आलेली भांडी दुकानाच्या मागच्या बाजूला ठेवलेली असतात आणि नम्रपणे विचारल्यास बरेच दुकानदार ती पाहू देतात. वागळे इस्टेट, कळवा, शीळफाटा, रबाळे आणि तुर्भे या पट्ट्यातील गोदामांत माल मोठ्या प्रमाणावर येतो, पण त्यात कारखान्यांचे भंगार अधिक असल्यामुळे घरगुती वस्तू वेगळ्या काढणारा माणूस शोधावा लागतो. नवी मुंबईतील सिडकोच्या वसाहती तुलनेने अलीकडच्या आहेत, त्यामुळे तेथे जुन्या भांड्यांपेक्षा बदलीवर आलेल्या कुटुंबांचे चहाचे संच, ट्रे आणि काटे-चमचे अधिक दिसतात. पनवेल मात्र जुने गाव आहे आणि तेथील मोडीत देव्हाऱ्यातल्या वस्तू हमखास असतात.

मुंबईच्या चोर बाजारात जाणे नवशिक्याने काही महिने लांबणीवर टाकावे. सँडहर्स्ट रोडला उतरून मटण स्ट्रीटला जाणे सोपे आहे, पण तेथील विक्रेते मुरलेले असतात आणि चांदी त्यांच्या नजरेतून सहसा सुटत नाही. शिकण्याच्या काळात जिथे माल न निवडताच पडलेला असतो, तिथे वेळ घालवणे अधिक उपयोगाचे.

एकाच दुकानात महिन्यातून दोनदा जाणे हे दहा दुकानांत एकदा जाण्यापेक्षा बरे. दुकानदाराशी ओळख झाली, आपण वेळ खाऊन हात हलवत जाणारे गिऱ्हाईक नाही हे त्याच्या लक्षात आले, की तो स्वतःच ‘ताई, काहीतरी काळे-पांढरे आले आहे, बघून जा,’ असा निरोप देतो. माझ्याकडच्या निम्म्या वस्तू अशा निरोपांवरून मिळाल्या आहेत.

सोबत काय असावे

दहापट मोठे दाखवणारे भिंग, लहान पण जोरकस लोहचुंबक, ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा खिशातला वजनकाटा, मऊ सुती फडके आणि मोबाइलचा टॉर्च एवढे पुरे. तेजाबाची (धातू तपासण्याच्या ॲसिडची) बाटली घेऊन फिरू नये. ते अंगावर उडाले तर जखम होते आणि दुसऱ्याच्या वस्तूवर थेंब टाकण्याचा आपल्याला अधिकारही नसतो.

पहिली पायरी: चकाकी शोधू नये

नवशिक्याची सर्वांत मोठी चूक इथेच होते. त्याची नजर ढिगातल्या सर्वांत उजळ वस्तूवर जाते आणि ती बहुधा स्टेनलेस स्टील किंवा अलीकडे मुलामा दिलेली शोभेची वस्तू असते. हवेतील गंधकाच्या वायूंशी संयोग होऊन चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा थर चढतो. तो आधी पिवळसर, मग जांभळट आणि शेवटी काळा दिसतो. म्हणून ढिगात जे काळे आहे पण गंजलेले नाही, तेच आधी हातात घ्यावे. लोखंडाचा गंज तांबूस असतो व त्याची पूड सुटते, तांब्या-पितळेवर हिरवा कळंक चढतो, ॲल्युमिनियम राखाडी होते पण हाताला अगदी हलके लागते, आणि चांदीचा काळेपणा गुळगुळीत असून फडक्याने चोळल्यास फडक्यावर काळा डाग उमटवतो. ज्या चांदीत तांबे जास्त आहे, तिच्या सांध्यांवर थोडा हिरवा कळंक दिसू शकतो, त्यामुळे केवळ तेवढ्यावरून वस्तू बाजूला टाकू नये.

एका शब्दाविषयी सावध राहावे. आपल्या घरांत ‘जर्मनचे पातेले’ म्हणजे ॲल्युमिनियमचे पातेले. बाजारात ‘जर्मन सिल्व्हर’ म्हणतात तो वेगळाच मिश्रधातू, तांबे, निकेल आणि जस्त यांचा, आणि त्यात चांदीचा अंशही नसतो. दुकानदार नुसते ‘जर्मन आहे’ म्हणाला, तर दोहोंपैकी कोणते, हे आपण स्वतः पाहावे.

दुसरी पायरी: चुंबक आणि झीज

चुंबकाला चिकटली तर ती वस्तू चांदीची नाही. न चिकटल्यास मात्र काहीही सिद्ध होत नाही, कारण तांबे, पितळ, ॲल्युमिनियम आणि जर्मन सिल्व्हर यांपैकी काहीच चुंबकाला चिकटत नाही. ही चाचणी फक्त नकार देण्यापुरती आहे.

खरी माहिती झिजलेल्या जागा देतात. चमचा टेबलावर टेकतो तो वाटीचा मागचा फुगवटा, काट्याच्या दातांची टोके, ट्रेची कड, तांब्याचा गळा आणि बूड भिंगाखाली पाहावे. मुलामा असेल तर या जागी खालचा धातू डोकावतो. तो पिवळसर दिसला तर पितळ, गुलाबी दिसला तर तांबे आणि किंचित पिवळट राखाडी दिसला तर जर्मन सिल्व्हर समजावे. चांदी कितीही झिजली, तरी आत चांदीच असते, म्हणून झिजलेली जागा बाकीच्या वस्तूच्याच रंगाची राहते. दुकानात उजेड कमी असल्यास वस्तू दारापाशी नेऊन पाहण्याची परवानगी मागावी, कारण पिवळ्या बल्बखाली सगळेच धातू एकसारखे भासतात.

तिसरी पायरी: शिक्के वाचणे

ब्रिटिश चांदीवर साधारणतः चार-पाच छोटे शिक्के ओळीने असतात. एक पाय उचलून चालणारा सिंह म्हणजे ९२.५ टक्के चांदी, ज्याला स्टर्लिंग म्हणतात. जहाजाचा नांगर असल्यास तपासणी बर्मिंगहॅमची, बिबट्याचे डोके असल्यास लंडनची, आणि १९७४ पर्यंतच्या वस्तूंवर मुकुट असल्यास शेफील्डची. एका चौकटीतले एकच अक्षर हे वर्ष सांगते, पण प्रत्येक शहराची अक्षरमाला व लिपीची घडण वेगळी असल्यामुळे ते तक्त्यावरूनच जुळवावे लागते. राजा किंवा राणीचे डोके असलेला कराचा शिक्का १७८४ ते १८९० या काळातला, आणि तो दिसला तर वस्तू बहुधा शंभरहून अधिक वर्षे जुनी आहे. युरोप खंडातील चांदीवर ८००, ८३० किंवा ८३५ असे, हजार भागांत चांदी किती हे सांगणारे आकडे असतात, आणि जर्मनीच्या १८८८ नंतरच्या वस्तूंवर चंद्रकोर व मुकुट यांची जोडी दिसते.

इंग्रजीतील ई, पी, एन, एस ही चार अक्षरे असली तर तो जर्मन सिल्व्हरवरचा विजेच्या साहाय्याने दिलेला मुलामा आहे. हे तंत्र बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन कंपनीने १८४० मध्ये पेटंट घेऊन रुजवले आणि त्यानंतर मुलाम्याच्या वस्तूंचा जगभर पूर आला. या वस्तूंचे कारखानदार आपली आद्याक्षरे छोट्या छोट्या ढालींच्या चौकटींत अशा बेताने ठोकत, की घाईने पाहणाऱ्याला ते चांदीचेच शिक्के वाटावेत. मी सुरुवातीला एका दुकानातून चहाची किटली घेतली ती अशाच पाच चौकटी पाहून. घरी बुडावरची काजळी पुसल्यावर त्या चौकटींत ई, पी, एन, एस स्पष्ट दिसली. तेव्हापासून शिक्क्यावरची घाण फडक्याने पुसून प्रत्येक चौकटीतले चिन्ह ओळखता आल्याशिवाय मी पैसे काढत नाही. सिंह दिसला नाही तर ब्रिटिश स्टर्लिंग नाही, असे सुरुवातीला खुशाल धरून चालावे.

भारतात बनलेल्या वस्तूंची गोष्ट निराळी. कलकत्त्याची हॅमिल्टन, मद्रासची पी. ऑर अँड सन्स यांसारख्या पेढ्या आपला शिक्का ठोकत, आणि कच्छच्या उमरसी मावजी यांच्या दाट वेलबुट्टीच्या कामावर ओ, एम ही अक्षरे व भुजचे नाव आढळते. मात्र आपल्या घरांतली बहुसंख्य चांदी गावच्या सोनाराने घडवलेली असते. तिच्यावर शिक्का नसतो किंवा असलाच तर फक्त सराफाचे नाव असते. भारतीय मानक ब्युरोचे चांदीचे हॉलमार्किंग २००५ मध्ये सुरू झाले, त्यामुळे त्रिकोणी चिन्ह नाही म्हणून जुनी वस्तू खोटी ठरत नाही. उलट आजीच्या काळातली म्हणून विकायला ठेवलेल्या वस्तूवर ठसठशीत ‘९२५’ दिसला, तर संशय घ्यावा. हा आकडा कोणीही कशावरही ठोकू शकतो.

शिक्क्यापेक्षा मला अधिक विश्वासाचा वाटतो तो भांड्यावर घातलेला मजकूर. लग्नात, मुंजीत किंवा बारशाला दिलेल्या भांड्यावर ठिपक्यांनी नाव घालण्याची आपली पद्धत, आणि पुष्कळदा नावाखाली शकाचे वर्ष असते. त्यात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो (जानेवारी ते चैत्र पाडवा या काळासाठी ७९ मिळवावे). शके १८५१ म्हणजे १९२९-३०. मजकूर मोडी लिपीत असल्यास वस्तू बहुधा विसाव्या शतकाच्या पहिल्या निम्म्यातली किंवा त्याहून जुनी असते. ठिपके भिंगाखाली पाहावेत. जुने ठिपके वापराने गुळगुळीत झालेले असतात, आणि नुकत्याच ठोकलेल्या ठिपक्यांच्या कडा बोटाला लागतात.

चौथी पायरी: पाण्यात तोलणे

ही चाचणी घरी करावयाची आहे आणि नवशिक्याने सर्वांत आधी हीच शिकावी, कारण ती वस्तूला इजा करत नाही आणि मुलाम्याला फसत नाही. चांदीची घनता १०.४९, स्टर्लिंगची सुमारे १०.३६, तांब्याची ८.९६ आणि जर्मन सिल्व्हर व पितळ यांची साधारण साडेआठच्या आसपास. फरक मोठा आहे, तो मोजताही येतो.

नौपाड्यातल्या एका दुमजली चाळीचे सामान उतरवले गेले, तेव्हा हातगाडीवरच्या झाऱ्या-डावांच्या जुडीत मला एक पंचपात्राची पळी दिसली. दांड्याच्या टोकाला नागाचा फणा होता, त्याच्या डोळ्यांच्या खोबणीत चंदनाची वाळलेली पांढरट पूड अडकलेली होती आणि वाटीची एक बाजू इतकी झिजली होती, की तिथली कड कागदासारखी पातळ लागत होती. पाणी नेहमी त्याच बाजूने सोडले गेले असणार. शिक्का कुठेच नव्हता. घरी वजन केले ते ४६ ग्रॅम भरले. मग काट्यावर पाण्याने भरलेला उंच पेला ठेवून आकडा शून्यावर आणला, पळी दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला वा काठाला टेकणार नाही अशी धरली, आणि काट्याने ४.५ ग्रॅम दाखवले. ४६ भागिले ४.५ म्हणजे १०.२, ही पळीची घनता. जर्मन सिल्व्हरची असती तर पाण्यातला आकडा ५.४ च्या घरात गेला असता. तांब्याच्या मिश्रणाचा हिशेब धरता ही चांदी ८५ टक्क्यांच्या आसपासची ठरते. पुढे सराफाने काढलेला टंचही (चांदीच्या शुद्धतेचा आकडा) तेवढाच आला.

या चाचणीच्या मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. पोकळ तोडे आणि लाख भरलेले दागिने, आतून राळ किंवा प्लास्टर भरून जड केलेल्या मेणबत्तीदाण्या, लाकडावर चांदीचा पत्रा मढवलेले चौरंग यांना ती लागू पडत नाही. वस्तूला हवेचे बुडबुडे चिकटले असतील, तर ते बोटाने घालवून मगच आकडा वाचावा. फार हलक्या वस्तूंत काट्याची चूकच मोठी ठरते, त्यामुळे २० ग्रॅमहून कमी वजनासाठी ही पद्धत भरवशाची धरू नये.

पाचवी पायरी: सराफाकडे टंच

घेतलेल्या वस्तूंपैकी महत्त्वाच्या तेवढ्याच सराफाकडे किंवा हॉलमार्किंग केंद्रात न्याव्यात. तेथील यंत्र क्ष-किरणांच्या साहाय्याने काही क्षणांत धातूंचे प्रमाण दाखवते. मात्र ते वरचा पातळ थरच वाचते, त्यामुळे जाड मुलाम्याची वस्तूही तेथे चांदीची दिसू शकते. घनतेचा आकडा आधी हाती असणे म्हणूनच गरजेचे. कसोटीच्या दगडावर घासून तेजाबाने पाहणे किंवा कानशीने काप घेणे, या पद्धती सराफांच्या नित्याच्या आहेत, पण नक्षीच्या जागी काप घेऊ देऊ नये. बुडाच्या आतल्या बाजूला घेण्याची विनंती करावी. ‘मोडायची नाही, फक्त पाहायची आहे,’ हे वाक्य दुकानात शिरतानाच सांगावे.

राणीछाप रुपये

लक्ष्मीपूजनाच्या डब्यातले रुपये अनेकदा मोडीत येतात. १८३५ ते १९३९ पर्यंतचा रुपया ९१.७ टक्के चांदीचा आणि ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एका तोळ्याचा. १९४० ते १९४५ मधल्या रुपयात चांदी निम्मीच आहे. १९४७ चा रुपया निकेलचा असून तो चुंबकाला चिकटतो. १९११ सालच्या पाचव्या जॉर्जच्या रुपयावर झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा वाटला आणि त्यावरून तक्रारी आल्यामुळे पुढील वर्षी ठसा बदलला, म्हणून त्या वर्षाचा रुपया संग्राहक मागतात. १९३९ चा रुपया दुर्मिळ असल्याने त्याच्या नकला फार आहेत, तो नवशिक्याने घेऊच नये. गळ्यात घालण्यासाठी कडी डाखलेले (डाग देऊन जोडलेले) रुपये संग्राहकांना नको असतात, पण चांदी म्हणून त्यांचे मोल तेवढेच राहते.

किंमत आणि वर्तन

आधी धातूचे मोल काढावे. समजा तांब्या १२० ग्रॅमचा आहे आणि चांदी ८५ टक्के आहे, तर शुद्ध चांदी १०२ ग्रॅम. त्या दिवसाच्या भावाने तिचे पैसे काढले की आपली खालची पातळी कळते. कारागिरी, वय, मजकूर आणि अखंडपणा यांचे मोल त्याहून वर असते. डाखलेला सांधा, ठोकून काढलेला पोचा, घासून पुसट केलेली नक्षी यांनी ते घटते. माझ्या अनुभवात अत्तरदाणी, गुलाबदाणी, पानदान, करंडा आणि देवांचे टाक यांना धातूपलीकडचे मोल टिकून राहते, आणि साध्या वाट्या-फुलपात्रांना ते क्वचित मिळते.

घासाघीस व्यापाऱ्याशी करावी. ज्याच्या घरची वस्तू आहे तो माणूस समोर असेल, तर मात्र ती चांदीची आहे हे त्याला सांगावे. एखादी आजी पितळेच्या भावाने करंडा देत असेल आणि आपण गप्प राहून तो घेतला, तर त्या व्यवहाराला चोरी म्हणण्यास मी कचरणार नाही. तिला खरे सांगितल्यावरही ती अनेकदा विकतेच, फक्त योग्य भावाने. टाकांविषयी आणखी एक सांगावेसे वाटते. खंडोबा, भवानी यांचे टाक हे कुणाचे तरी कुलदैवत असते. घरातल्या कोणाला ते हवे आहेत का, हे विचारून मगच घ्यावेत.

रेल्वे स्थानकाबाहेर पिशवीतून दहा-बारा पैंजण दाखवणाऱ्यांकडून काहीही घेऊ नये. चोरीचा माल आहे असे समजण्यास कारण असताना तो घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. दुकानातून घेताना दुकानाचे नाव, तारीख आणि वस्तूचे वर्णन लिहिलेली पावती मागावी. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात मोडते. तिचा व्यापार करायचा तर परवाना लागतो आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, त्यामुळे परदेशातल्या नातेवाइकांसाठी भेट म्हणून अशी वस्तू निवडू नये.

घरी आणल्यावर

पहिला आठवडा काहीही करू नये. कोमट पाणी, सौम्य साबणाचे दोन थेंब आणि मऊ फडके एवढ्याने धूळ काढून वस्तू पूर्ण कोरडी करावी. चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट आणि तांब्या-पितळेच्या पावडरी चांदीला लावू नयेत. त्यांनी ओरखडे पडतात, आणि मुलामा असेल तर तो निघूनच जातो. ॲल्युमिनियमचा पत्रा, खाण्याचा सोडा आणि गरम पाणी यांच्या युक्तीने काळेपणा क्षणात जातो हे खरे, पण नक्षीच्या खोबणीतला काळा रंगही जातो आणि त्या सावलीवरच नक्षीचा उठाव अवलंबून असतो. साध्या चमच्यांना ती युक्ती चालेल, वेलबुट्टीच्या डब्याला नाही.

ठाण्या-वाशीच्या दमट हवेत चांदी लवकर काळी पडते. वस्तू धुवट मलमलीत गुंडाळून, हवाबंद डब्यात खडूच्या दोन कांड्या ठेवून बंद करावी. रबरबँड, लोकर आणि वर्तमानपत्र यांचा स्पर्श होऊ देऊ नये, कारण त्यांतील गंधक चांदी काळी करते. डब्यात एक चिठ्ठी असावी: वस्तू कुठे मिळाली, तारीख, वजन, पाण्यातला आकडा, टंच आणि त्यावरचा मजकूर जसाच्या तसा. ज्येष्ठ-आषाढ सुरू होण्यापूर्वी डबे एकदा उघडून खडू बदलावेत.